ती चौकट अजून पुसू नका

मनोहर काका, मॅडमच्या घरची मंडळी, प्राचार्य, जुन्या बॅचचे माझे सगळे शिक्षक मित्र, आणि यंदा इथं बी.एड. करत असलेल्या मुलामुलींनो,

आत्ता वंदना झाली. सगळे बसलात. आणि माझं नाव पुकारलं, तेव्हा वाटलं की कोणीतरी दुसऱ्यानंच उठावं. मी रोज सहा तास बोलतो. माईक लावून बोलतो. पण आजच्यासाठी तयारी करावी लागली. काल दोनदा कागदावर लिहून काढलं. दोन्ही कागद घरी ठेवून आलो. टाचण वाचून दाखवणारा मास्तर तायडे मॅडमना आवडायचा नाही, आणि आज त्यांच्याच खोलीत उभं राहून वाचायचं म्हणजे जरा अतीच झालं असतं.

ज्यांना मी माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. मी विनोद राऊत. राजापेठेत माझे गणिताचे क्लासेस आहेत. बोर्ड मोठा आहे, तुम्ही कधीतरी बघितला असेल. बावीस वर्षांपूर्वी मी याच खोलीत, या तिसऱ्या बाकावर बसून बी.एड. केलं. तायडे मॅडम आम्हाला गणित आणि विज्ञान कसं शिकवायचं ते शिकवायच्या. गणित आपल्याला येतं, असा आमचा तेव्हा पक्का समज होता. एमएस्सी होऊन आलो होतो ना! मॅडमनी पहिल्याच दिवशी आम्हाला विचारलं होतं, "पोराले येत नाही, हे तुले कसं कळते?" आम्ही पस्तीस जण तो प्रश्नच वहीत उतरवून घ्यायला लागलो होतो.

परवा गुरुवारी सकाळी मॅडम गेल्या. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी सराव पाठ बघायला त्या शाळाशाळांतून जातच होत्या. कोणी पाठवत नव्हतं, कोणी बोलावत नव्हतं. परवाही निघाल्याच होत्या. मॅडमचे यजमान, आपले मनोहर काका, सांगत होते, चपला घालायला म्हणून खुर्चीवर बसल्या, आणि बसल्याच राहिल्या. काकांनी आतून आवाज दिला, ऑटो आला म्हणून. बाहेर ऑटोवाला थांबलेला होता.

तुम्ही सगळे त्यांच्या पाठाला उभे राहिलेले आहात. आठवतंय ना? आपण फळ्यापाशी घामाघूम, हातात लाकडी पट्टी, टेबलावर गुंडाळीफळा, टाचणाची वही उघडी. आणि मॅडम मागं, शेवटच्या बाकावर. पोरांच्या शेजारी. खुर्ची दिली तरी घ्यायच्या नाहीत. पदर सावरायच्या, वही उघडायच्या, आणि तिथून दोनच शब्द म्हणायच्या. "कर सुरू."

कर सुरू. बस. त्या दोन शब्दांनी भलेभले टाचणातलं पहिलं वाक्य विसरले आहेत. हसू नका, तुम्ही पण त्यातलेच आहात.

मॅडम आपल्याकडं बघायच्याच नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. त्या वर्गातलं एक लेकरू निवडायच्या आणि अख्खा तास त्याच्याकडं बघत बसायच्या. ते कधी लिहितं, कधी थांबतं, कधी बाहेर बघतं. तास संपल्यावर आपण विचारायचं, मॅडम, कसा झाला पाठ? मॅडम म्हणायच्या, "थे दुसऱ्या ओळीतलं लेकरू बरोबर दहा मिनिटांनी तुह्या वर्गातून निंघून गेलं. बाकावर बसूनच गेलं. तुले दिसलं का?"

आता मला तुम्हाला जे सांगायचं आहे, ते सांगतो. यंदाच्या मुलांना विशेष सांगतो. माझ्या मागं हा फळा आहे. त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात खडूची चौकट आहे. चौकटीत एक वाक्य आहे. "नियम आहे, पाठ करा."

तुम्ही वर्षभर ते बघता आहात. तुमच्या आधीच्यांनी बघितलं, त्यांच्या आधीच्यांनी बघितलं. मॅडमची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. सराव पाठात आपली जी सगळ्यात मोठी चूक होईल, ती या कोपऱ्यात चौकट करून लिहायची. नाव नाही लिहायचं. ती चूक ज्याची, त्यानंच पुसायची. आणि पुसायची अट एकच होती. ज्या लेकराच्या बाबतीत चूक झाली, त्याच्याकडं परत जायचं, आणि त्या लेकरानं तुम्हाला पुढचा प्रश्न विचारला, तरच पुसायची. उत्तर बरोबर दिलं म्हणून नाही. 'समजलं का' विचारल्यावर लेकरू 'हो' म्हणालं म्हणून तर मुळीच नाही. पुढचा प्रश्न आला पाहिजे.

कोणाची चौकट आठवड्यात पुसली गेली, कोणाची महिन्यात. ही एक राहिली. दर उन्हाळ्यात फळ्याला काळा रंग देतात. रंग वाळला की मॅडम खडू घ्यायच्या आणि तेच वाक्य, त्याच जागी, पुन्हा लिहायच्या. मुलं विचारायची, मॅडम, हे कोणाचं? मॅडम सांगायच्या नाहीत. मी ऐकलं आहे की तुम्ही पोरं या वाक्याला 'भूत' म्हणता. पाठ बिघडला की म्हणता, कोपऱ्यातलं भूत लागलं.

मुलांनो, ते भूत मी आहे.

हो, मीच. बावीस वर्षं झाली.

झालं होतं असं. सातवीचा वर्ग होता, इथून जवळचीच शाळा. माझा घटक पूर्णांक संख्यांचा गुणाकार. टाचण इतकं सुरेख काढलं होतं की वर्गमित्र उतरवून घ्यायला आले होते. उद्दिष्टं, प्रस्तावना, हेतुकथन, सगळं जागच्या जागी. तुम्हाला माहीत आहे, टाचणात दोन रकाने असतात. डावीकडं शिक्षकानं काय करायचं, उजवीकडं मुलं काय म्हणतील. मी उजवा रकाना आदल्या दिवशीच भरून टाकला होता. मुलं कोणती उत्तरं देणार, ते मीच लिहून मोकळा. आपण सगळे हेच करतो. मुलांना न विचारता मुलांची उत्तरं लिहितो, आणि मग वर्गात जाऊन ती त्यांच्याकडून वसूल करतो.

पाठ झक्क चालला होता. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, असं मी लाल खडूनं लिहिलं. आणि चौथ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी. म्हणाली, "सर, दोन्ही उणेच हायेत नं? मंग अधिक कुठून आलं?"

माझ्या उजव्या रकान्यात हा प्रश्न नव्हता.

मी काय केलं असेल? घड्याळ बघितलं. बारा मिनिटं उरली होती, मूल्यमापन बाकी होतं. मी म्हणालो, "नियम आहे, पाठ करा." ती बसली नाही. म्हणाली, "पण सर, नियम काहून तसा हाये?" वर्ग हसला. आणि मी, मी पण हसलो. म्हणालो, "तू बस, तुला पुढं कळेल." ती बसली. वहीत लिहिलं तिनं, ऋण गुणिले ऋण बरोबर धन. व्यवस्थित लिहिलं. मग वहीवर हात ठेवून तास संपेपर्यंत तशीच बसून राहिली.

मॅडमनी त्या तासाला तिलाच निवडलं होतं.

बाहेर आल्यावर शाळेच्या नळाजवळ मॅडम मला म्हणाल्या, "राऊत, तुले उत्तर नोयतं येत. ठीक हाये. मलेही लय वर्षं नोयतं आलं. पण तू तिचा प्रश्न घेतला आन् तिले वापस नाही देला. आता थे पोरगी हात वर करन का?" दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात चौकट आली.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, फार राग आला. बाकी सगळा पाठ पहिल्या दर्जाचा, आणि या बाईनं एक वाक्य धरून ठेवलं. मग मी काय केलं, ते ऐका. असली चूक आपल्यासारखाच माणूस करू शकतो. मी दोन दिवस लायब्ररीत बसलो आणि ऋण गुणिले ऋण धन का, याची सिद्धता काढली. पक्की, दोन पानी, एकही पायरी न गाळता. मॅडमसमोर नेऊन ठेवली. म्हटलं, मॅडम, आता येते मला. पुसू का?

मॅडमनी दोन्ही पानं नीट वाचली. एका ठिकाणी कंस राहिला होता, तो घातला. आणि पानं परत देत म्हणाल्या, "बरोबर हाये. पण मले काहून सांगतो? मी विचारलं होतं का?"

त्या पोरीकडं जायचं होतं हो! शाळा इथून सायकलनं दहा मिनिटं. उद्या जाऊ म्हटलं. मग वार्षिक पाठ आला, मग परीक्षा आली, मग निकाल लागला. नोकरीच्या खटपटीत अकोल्याला गेलो, तिथं एका शाळेत दोन वर्षं काढली, परत आलो, क्लास काढला. चालला. चांगला चालला. आता एका वर्गात नव्वद मुलं बसतात माझ्याकडं.

आणि त्या नव्वद मुलांना मी काय सांगतो? कोणी उठून विचारलं, सर, असं का, तर मी काय सांगतो? तेच. तेच वाक्य. माईकवरून. बावीस वर्षांत किती वेळा बोललो असेन, मला आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. माझ्या क्लासमध्ये शेवटचा बाक मी कधी रिकामा ठेवत नाही. मुलं कमी असली, पाऊस असला, सणवार असला, तर मी आधी तो बाक उचलून व्हरांड्यात ठेवायला लावतो. शिपाई म्हणतो, सर, राहू द्या नं, काय अडचण होते? त्याला काय सांगू? रिकाम्या शेवटच्या बाकाकडं बघून मला शिकवता येत नाही. कोणीतरी तिथं वही उघडून बसलंय असं वाटतं. माझ्याकडं बघत नाही ते. माझ्या वर्गातल्या एखाद्या लेकराकडं बघतंय. आणि कोणत्या लेकराकडं, ते मला कळत नाही. तेव्हा मॅडम जिवंत होत्या, इथंच अमरावतीत राहत होत्या, मी फोन केला असता तर चहाला बोलावलं असतं त्यांनी. जिवंत माणसाची अशी धास्ती घेऊन मी इतकी वर्षं शिकवलं.

गेल्या महिन्यात एक बाई मुलीला घेऊन क्लासमध्ये आल्या. आठवीत प्रवेश घ्यायचा होता. फॉर्म भरून झाला, आणि त्या माझ्याकडं बघून हसायला लागल्या. म्हणाल्या, "सर, वळखलं नाही का? तुमी आमाले शिकवलं. सातवीत. थे बी.एड.वाले सर आलते नं, त्याच्यात तुमी होते."

नाव विचारलं. वैशाली. तेव्हाचं आडनाव सांगितलं त्यांनी. मला आडनाव आठवायची गरज पडली नाही. मला रिबिनी दिसल्या.

त्या म्हणाल्या, "लय चांगलं शिकवत होते तुमी. माह्यं मात्र गणित तवाच सुटलं. दहावीत दोनदा बसली. हिचं सुटू नये म्हून आणलं तुमच्याकडं." चांगलं शिकवत होते म्हणे! धीर करून विचारलं, तुम्ही मला वर्गात एक प्रश्न विचारला होता, आठवतो? त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "नाही बाप्पा. मी कशाले प्रश्न विचारन? मी तं वर्गात बोलतच नोयती."

ऐकलंत? मी तर वर्गात बोलतच नव्हते, असं म्हणाली ती.

तिच्या आठवणीतूनही तो प्रश्न गेला होता. जगात तो दोनच ठिकाणी उरला होता. या फळ्यावर, आणि माझ्या डोक्यात. त्या दिवशी मी मॅडमना फोन लावला. किती वर्षांनी लावत होतो! म्हटलं, मॅडम, राऊत बोलतोय. ती मुलगी भेटली. कोणती, असं त्यांनी विचारलं नाही. मग म्हणाल्या, "मंग? सांगतलं का तिले?"

मी म्हणालो, मॅडम, तिला आठवतच नाही.

"तुले आठवते नं?"

हो, मॅडम.

"मंग झालं तं. शनिवारी घेऊन ये तिले. आपल्याच खोलीत घे तास. पोरंही बसतीन. मी मांगं बसतो."

मुलांनो, मॅडम मागं बसणार होत्या. बावीस वर्षांनी मी या फळ्यापाशी उभा राहणार होतो. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, मॅडम, या शनिवारी चाचणी आहे क्लासमध्ये, पुढच्या शनिवारी नक्की. पुढच्या शनिवारी पालक सभा निघाली. मॅडमनी एका शब्दानं टोचलं नाही. गेल्या रविवारी त्यांनीच फोन केला. म्हणाल्या, "राऊत, हा शनिवार पक्का नं?" मी म्हटलं, पक्का, मॅडम. एकदम पक्का.

आज तो शनिवार आहे.

मला माफ करा.

काका, मी तुमच्यासमोर हे सगळं उकरून काढतोय. तुम्ही म्हणाल, बाई गेली माझी, आणि हा मास्तर स्वतःचंच रडगाणं गातोय. पण काल मी भेटायला आलो तेव्हा तुम्हीच म्हणालात की शनिवारसाठी तिनं रंगीत खडू आणून ठेवले होते. तो डबा तुम्ही माझ्या हातात दिलात. तेव्हा मला कळलं की हे मला इथंच बोलावं लागणार. घरी बसून मनातल्या मनात माफी मागितली, तर ती पुन्हा त्या दोन पानांसारखीच होईल. भलत्याच माणसाला दिलेली.

म्हणून आज सकाळी मी वैशालीताईंकडं गेलो. सगळं सांगितलं. त्यांना विचारूनच आत्ता त्यांचं नाव घेतो आहे. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "सर, आता काय करू मी त्याचं? चूल, शेती, पोरं, एवढ्यात कुठं येते ऋण आन् धन?" परत निघालो. फाटकापर्यंत आलो, तर मागून म्हणाल्या, "पण त्या मॅडम माह्याकडं पाहत होत्या म्हंता? पूर्ण तास?" म्हटलं, हो. पूर्ण तास. मग त्या घरात गेल्या, साडी बदलून आल्या, आणि मुलीला घेऊन माझ्या गाडीत बसल्या.

त्या चौथ्या बाकावर बसल्या आहेत. कृपा करून कोणी वळून बघू नका, त्यांना अवघडल्यासारखं होईल.

प्राचार्यांना माझी एक विनंती आहे. मॅडम गेल्या, आता ही चौकट पुसून टाका, तिथं त्यांचं नाव लिहा, असं कोणीतरी मघाशी म्हणालं. भावना चांगली आहे. पण ती चौकट अजून पुसू नका. पुसायची अट मॅडमनी घातली होती आणि ती अट अजून कोणी पूर्ण केलेली नाही. मी तर नाहीच. ही सभा संपली की मी इथं तास घेणार आहे. सिद्धता नाही सांगणार. तीन गुणिले उणे दोन, दोन गुणिले उणे दोन, एक गुणिले उणे दोन, शून्य गुणिले उणे दोन, अशा पायऱ्या एकाखाली एक लिहीन. उणे सहा, उणे चार, उणे दोन, शून्य. आणि पुढची पायरी काय, ते त्यांना विचारून गप्प उभा राहीन. मला गप्प उभं राहता येत नाही, मॅडमना माहीत होतं. आज राहीन. ज्यांना थांबायचं त्यांनी थांबा.

आणि तासानंतर वैशालीताईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही तर? तर चौकट राहील. मी पुढच्या शनिवारी येईन. त्याच्या पुढच्याही येईन. उन्हाळ्यात फळ्याला रंग दिला की वाक्य मी स्वतः लिहीन. आणि या वेळी खाली माझं नाव लिहीन, म्हणजे तुम्हाला भूत म्हणावं लागणार नाही.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. एक सांगतो. शेवटचा बाक मी आज मुद्दाम रिकामा ठेवायला सांगितला आहे. आज तो बाहेर काढलेला नाही. तुम्ही मॅडमच्या फोटोकडं बघा, मी मात्र त्या बाकाकडं बघणार आहे. भीती वाटते आहे, पण बघणार आहे.

मॅडम, बावीस वर्षं उशीर झाला. आणि दोन दिवस. खडू तुमचाच आहे. मुलगी आली आहे, चौथ्या बाकावर आहे. तुम्हाला माझा नमस्कार.

सगळ्यांनी उभं राहा. कोणी काही बोलू नका. मला मागून ते दोन शब्द ऐकायचे आहेत.